नव्या पाखराचा महिना

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरचं नाव देशभर पोचलं. तिथल्या मेलेल्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा विषाणू सापडल्याचा निर्वाळा भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने दिला होता. बर्ड फ्लूचं भारतातलं ते पहिलं निदान. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात असलं तरी १ जुलै १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्याचाच भाग होतं आणि बाजार, सोयरीक, बोली या सगळ्यांनी ते अजूनही खान्देशाचंच आहे. त्याच्या रेल्वे स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत येतो. निदान होण्याआधी काही आठवडे तिथल्या शेडांमध्ये मर चालू होती आणि ती मानमोडीचीच, म्हणजे राणीखेत रोगाची, धरली जात होती. मानमोडी दर दोन-चार वर्षांनी येतेच, असं म्हणून लोक थांबले होते. मग थोड्याच दिवसांत सीमेपलीकडच्या उच्छलमध्येही तोच विषाणू निघाला.

नवापूरची ही गोष्ट बहुतेकांना आठवते, कारण तिथे मोठे पोल्ट्रीवाले होते आणि लाखोंच्या संख्येने पक्षी मारले गेले. अंगणात पाच-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या घराने लक्षात ठेवावी अशी गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. मार्चच्या मध्याला, ऐन होळीच्या सुमारास, जळगाव जिल्ह्यातल्या चार गावांचे नमुने बाधित निघाले. चोपडा तालुक्यातलं हातेड, यावल तालुक्यातलं मारूळ आणि रावेर तालुक्यातलं सावदा ही त्यांतली गावं. इथे शेडं नव्हती. मेल्या होत्या त्या घरच्या कोंबड्या, उकिरड्यावर चरणाऱ्या, रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली झाकल्या जाणाऱ्या. पशुसंवर्धन खात्याची माणसं घरोघर फिरली. मार्चअखेर शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या इच्छापूरचंही नाव त्या यादीत आलं.

शेडला दार असतं, कुलूप असतं, आत कोण जातं हे मालकाला माहीत असतं. अंगणाला यातलं काहीच नसतं. आपल्या कोंबड्या शेजारणीच्या उकिरड्यावर जातात, तिच्या आपल्या ओट्यावर येतात, आणि संध्याकाळी सगळ्या आपापल्या घरी परततात. अशा ठिकाणी रोगाला आत यायला फार कष्ट पडत नाहीत. वाऱ्याला, चिमण्यांना, कावळ्यांना आपण अडवू शकत नाही. पण एक वाट पूर्णपणे आपल्या हातात असते, ती म्हणजे आपण स्वतः आणलेलं नवं पाखरू. या लेखात त्याच वाटेबद्दल लिहायचं आहे, कारण रोग घरात येण्याची सगळ्यात सोपी वाट हीच आहे आणि ती बंद करायला पैसा लागत नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ८५ कोटींच्या वर भरली. त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख पाखरं परसातली होती आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांत जवळपास ४६ टक्के वाढ झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याला, पावरा-भिल्लांच्या पाड्यांवर, तापीकाठच्या गावांत या वाढीचा अर्थ सरळ आहे. घरातल्या बाईच्या हातात येणारा, कोणाला हिशेब न देता खर्च करता येणारा पैसा हा बऱ्याचदा अंड्यांचा आणि कोंबड्याचा असतो. वह्या-पेन, दवाखाना, पाहुणा, नवस हे सगळं त्यातून भागतं. म्हणून एका घरात मर लागली की ते नुकसान कुठल्या नोंदवहीत येत नाही, पण त्या घराला वर्षभर पुरतं.

नवं पाखरू घरात येतं कसं? आठवडे बाजारातून तर येतंच. होळीच्या आधीच्या आठवड्यात चोपडा, यावल, शिरपूर, शहादा या पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा नवसाचे कोंबडे आणि तलंगा पायाला बांधून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. मोटारसायकलवर जाळीचे पिंजरे लावून महिन्याची पिलं विकणारे दारोदार येतात. माहेरून निघताना लेकीच्या पिशवीत एखादी तलंग दिली जाते. कोणी जातीवंत कोंबडा चार दिवसांसाठी मागून नेतो आणि परत आणून सोडतो.

एक पाखरू मात्र कोणाच्या मोजणीत येत नाही. बाजारात विकायला नेलेली आणि भाव न पटल्याने परत आणलेली कोंबडी. ती आपलीच असते, तिला आपल्या खुराड्याची वाट ठाऊक असते, म्हणून कोणी तिला नवी समजत नाही. पण सकाळपासून दुपारपर्यंत ती वीस गावांच्या कोंबड्यांशेजारी, त्यांच्याच विष्ठेवर, एकाच भांड्यातलं पाणी पीत बसलेली असते. त्या दिवसापुरती ती परकीच झाली. माझ्या मते अंगणातल्या कळपाला सगळ्यात मोठा धोका या परतलेल्या कोंबडीचा आहे, कारण नव्या पाखराकडे माणूस निदान निरखून तरी बघतो. बाजारात नेलेली कोंबडी कमी भावात का होईना विकून यावी, आणि परत आणलीच तर तिलाही नव्या पाखरासारखंच वेगळं ठेवावं.

निरखून बघणं गरजेचं आहे, पण पुरेसं नाही. राणीखेतचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात. कधी दोन दिवसांत दिसतात, कधी पंधरा दिवस काही कळत नाही. जागतिक पशुआरोग्य संघटना आपल्या नियमांसाठी हा काळ २१ दिवस धरते आणि बर्ड फ्लूसाठी १४. म्हणजे बाजारात तुरा लालभडक, डोळे चकचकीत, वजनाला भारी अशी कोंबडी निवडून आणली तरी ती आठव्या दिवशी मान वाकडी करून गोल फिरू शकते. तोवर ती आपल्या दहा जणींबरोबर चरलेली असते. महिनाभर वेगळं ठेवा, असं पशुवैद्यक सांगतात ते या हिशेबाने. राणीखेतचे २१ दिवस, वर आठवडाभराची खातरजमा.

लोक म्हणतात, दोन खोल्यांच्या घरात वेगळं कुठे ठेवायचं? प्रश्न खरा आहे. पोल्ट्रीच्या पुस्तकात लिहिलेली स्वतंत्र इमारत पाड्यावर कोणाकडेच नसते. पण डालगं प्रत्येक घरात असतं. घराच्या मागच्या बाजूला, आपल्या खुराड्यापासून दहा-पंधरा पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सावलीत एक डालगं किंवा जुन्या पलंगाला जाळी ठोकून केलेला पिंजरा ठेवला तरी काम भागतं. त्याचं पाण्याचं भांडं वेगळं, दाण्याची थाळी वेगळी. आणि क्रम कधीच चुकवायचा नाही. सकाळी आधी आपल्या जुन्या कोंबड्यांना दाणा-पाणी, नंतर नव्याला. नव्याचं झालं की हात साबणाने धुवायचे आणि त्या पायांनी परत जुन्यांत जायचं नाही. चपलेचा एक जुना जोड त्या कोपऱ्यासाठी ठेवला तर उत्तम. विषाणू विष्ठेतून चपलेला लागतो, चपलेतून अंगणात येतो; पंखांनी उडत येण्यापेक्षा तो असाच जास्त येतो. तिथली विष्ठा उकिरड्यावर टाकायची नाही, खड्ड्यात पुरायची. उकिरडा म्हणजे जुन्या कोंबड्यांचं ताट आहे.

या महिन्यात करायची कामंही आहेत. पहिल्या दिवशी कोंबडी उलटी धरून पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं फाकून बघावीत. उवा तिथे दाटीने असतात. पायाचे खवले उचललेले, चुना लागल्यासारखे दिसले तर खरजेचा कीटक आहे; खवल्यांना रोज तेल चोळलं की त्याचा श्वास कोंडतो. रात्री अंधार पडल्यावर डालग्याजवळ दोन मिनिटं शांत उभं राहावं. दिवसा न ऐकू येणारी घरघर, शिंक किंवा शीळ रात्री स्पष्ट ऐकू येते. विष्ठा रोज बघावी. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा मानमोडीकडे बोट दाखवते, पिलांतली रक्ती हगवण कॉक्सिडिओसिसकडे, चिकट पांढरी हगवण पुलोरमकडे. जंताचं औषध याच काळात द्यावं. तिसरा आठवडा नीट गेला की आपल्या जुन्यांपैकी एक, फार मोलाची नसलेली कोंबडी त्या नव्यांसोबत ठेवून द्यावी. नव्या पाखराने जुना रोग पचवलेला असेल आणि स्वतः ठणठणीत राहून तो पसरवत असेल, तर या एका जुनीवर तो दिसेल. हा उपाय ऐकायला कठोर वाटतो. एक गमावून दहा वाचतात म्हणून तो सांगितला पाहिजे.

बदकांच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत होते. खान्देशात बदकं घरोघर नाहीत, पण मळ्यात, शेततळ्याच्या काठी चार-दोन बदकं हौसेने पाळणारे आहेत, आणि ती कोंबड्यांतच वाढतात. बदक दिसायला कायम निरोगी. राणीखेतचा विषाणू त्याच्या अंगात असतो आणि त्याला बहुधा काहीच होत नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूंचं तर पाणपक्षी हे मूळ घर आहे. २०१४ मध्ये केरळच्या कुट्टनाडात बदकं पटापट मेली तसं कधी घडतं. पण बऱ्याचदा बदक विषाणू पोटात घेऊन मजेत पोहत राहतं आणि त्याच पाण्यावर चोच लावणारी कोंबडी मरते. म्हणून नवं बदक महिनाभर वेगळं ठेवताना ते आजारी पडतं का, एवढंच बघून चालत नाही. वर सांगितलेली जुनी कोंबडी शेवटच्या आठवड्यात त्याच्याजवळ ठेवणं इथे जास्तच गरजेचं ठरतं.

खान्देशात हे आणखी एका कारणाने जपायला हवं. चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात त्या भागात पसरलेला हतनूरचा जलाशय हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांनी भरतो. धुळ्याजवळचा नकाणे तलाव, शिरपूरकडचं अनेर धरण इथेही हिवाळी पाहुणे उतरतात. लालसरी, तलवार बदक यांना बघायला दुरून माणसं येतात आणि यावीतही. तो या जिल्ह्यांचा ठेवा आहे. पण पाळीव बदकं या जलाशयांच्या काठावर सोडू नयेत, आणि जिथे जंगली बदकं उतरतात तिथलं पाणी आणि शेवाळ घरी आणू नये. २००६ चे दोन्ही उद्रेक फेब्रुवारी-मार्चमधले. २०२१ मध्ये नवापूर पुन्हा बाधित झालं तेही फेब्रुवारीत. डिसेंबर ते मार्च या काळात नवं बदक घरात आणूच नये, असं मी म्हणेन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा पोत्यात कोंबून आणलेली कोंबडी वाटेतच अर्धी मरते, आणि भर पावसात ओल्या जमिनीवर पिलांना रक्ती हगवण गाठते. उरतो तो पावसाळा सरून थंडी पडेपर्यंतचा काळ, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे. महिनाही तेव्हा सुरळीत पार पडतो आणि पाणपक्ष्यांचा भर येण्याआधी कळप एक झालेला असतो.

कोंबड्या-बदकं एकत्र ठेवण्यात रोगाशिवाय आणखीही काही अडचणी असतात, त्या सांगायला हव्यात. बदकाला डोळ्यांपर्यंत चोच बुडेल इतकं खोल पाणी लागतं आणि ते सगळीकडे पाणी उडवतं. ओल्या भुश्यात कॉक्सिडिओसिसची अंडी पिकतात. म्हणून बदकाचं पाणी खुराड्याच्या बाहेर, उतारावर ठेवावं. कोंबडी दांडीवर झोपते, बदक जमिनीवर. वरची विष्ठा खालच्यावर पडू नये एवढी सोय करावी. बदकाच्या पिलांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय लुळे पडतात. नर बदक आणि बदकी यांचं प्रमाण एकास चार-पाच हवं. बदकी कमी असल्या तर नर कोंबड्यांवर चढतो आणि त्याच्या जननेंद्रियाच्या रचनेमुळे कोंबडीला आतून जखम होऊन ती मरू शकते. आणि खान्देशासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुरशी लागलेला मका आणि शेंगदाण्याची खवट पेंड. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाइतकं क्वचितच कोणाला बाधतं. कोंबडीने पचवलेल्या दाण्यावर बदकाचं पिल्लू मरतं. भिजलेला मका कोंबड्यांना घालून टाकू, ही सवय बदकं असलेल्या घराने सोडलीच पाहिजे.

महिना सरला. आता नव्याला जुन्यांत सोडायचं, आणि बरेच लोक इथे घाई करतात. कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचणार याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी ती १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रशुद्ध मांडली. आपल्याकडच्या कोणाही कोंबडीवालीला ती पाहून माहीत असते. नवं पाखरू आलं की पूर्ण उतरंड पुन्हा ठरते आणि तोवर रक्त निघतं. एकदा रक्त दिसलं की सगळ्याच टोचतात. म्हणून आठवडाभर नव्याचा पिंजरा जुन्यांच्या अंगणात ठेवावा. बघू द्यावं, ओरडू द्यावं, जाळीतून चोच पोचू नये. मग रात्री, सगळ्या दांडीवर बसल्या की नव्याला त्यांच्यात नेऊन बसवावं. सकाळी लवकर उठून दाणा एका जागी न टाकता तीन-चार ठिकाणी विखरावा, पाण्याची भांडी दोन करावीत, आणि पळून लपायला एखादी फळी किंवा काटेरी झुडपाचा आडोसा ठेवावा. एकटी कोंबडी आणण्यापेक्षा दोन-तीन आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. दोन महिन्यांच्या तलंगेला पूर्ण वाढलेल्या कोंबड्यांत टाकू नये. वजन जुळेपर्यंत थांबावं.

या सगळ्या खटाटोपातून सुटायचा एक जुना मार्ग आपल्याकडे आहेच. पाखरू आणण्याऐवजी अंडी आणावीत. खुडूक कोंबडीखाली जातीवंत अंडी घालून २१ दिवसांत पिलं काढणं हे कोणत्याही घराला नवं नाही. बदकाची अंडीही तिच्याखाली उबतात, फक्त २८ दिवस धीर धरावा लागतो, आणि मस्कोव्ही बदकाची असतील तर ३५. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे रोग अंड्यातूनही येऊ शकतात, त्यामुळे अंडी निरोगी कळपातलीच घ्यावीत. पण बाजारातल्या जिवंत कोंबडीपेक्षा धोका किती तरी कमी, आणि पिलांना जन्मापासून आई असल्याने भांडणाचा प्रश्न जवळपास मिटतो. एका दिवसाची पिलं विकत घेतली तरी ती अंधार पडल्यावर खुडूक कोंबडीखाली सारता येतात. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या परसासाठी तयार झालेल्या जाती किंवा झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे हवे असतील तर त्यांची अंडी किंवा एक दिवसाची पिलं खात्रीच्या उबवणी केंद्रातून आणणं शहाणपणाचं. पुणे, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), नागपूर, कोल्हापूर इथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. मोटारसायकलवरून आलेल्या स्वस्त पिलांना आधी लस दिली आहे का, हे विक्रेता सांगतो त्यावर भरवसा ठेवू नये.

लशीचा मुद्दा इथे अडतो. राणीखेतची लासोटा लस पिलाला पाच ते सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात, चार आठवड्यांनी परत, आणि आठ आठवड्यांपुढे पंखाखाली टोचायची लस. औषध महाग नाही. पण बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पाखरांची येते, ती थंडीत ठेवावी लागते, आणि पाण्यात कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई शंभर जणींची बाटली कशाला घेईल? म्हणून ती घेत नाही, आणि मानमोडी येते. यावर उपाय गावाने मिळून करायचा आहे. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांत पशुसखी, म्हणजे जनावरं-पाखरांच्या काळजीचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच बाया, तयार झाल्या आहेत. महिन्यातून एक दिवस ठरवावा, त्या पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात आणलेली एक बाटली घेऊन पशुसखीने दहा-पंधरा घरं करावीत. ज्यांच्याकडे नवं पाखरू वेगळं ठेवलेलं असेल त्यांचाही थेंब त्याच दिवशी होतो.

आणि मर लागलीच तर ती लपवू नये. तुरा निळा पडणं, डोकं सुजणं, पायावर जांभळे चट्टे, एका रात्रीत तीन-चार पाखरं गप्पकन जाणं, यातलं काही दिसलं तर पाखरू फाडायचं नाही, खायचं नाही, विकायला तर न्यायचंच नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या फोनवर कळवावं. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने हे कळवणं मालकाचं कर्तव्यच ठरवलं आहे. लोक घाबरतात, कारण खातं आलं की सगळ्याच मारेल, आणि बर्ड फ्लू निघाल्यास भोवतालच्या एक किलोमीटरच्या टापूत पाखरं मारली जातात व दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते, हे खरं आहे. पण भरपाई मिळते ती खात्याने मारलेल्या पाखरांची, कळवण्याआधी आपोआप मेलेल्यांची नाही. उशीर झाला की कोंबडीही जाते आणि पैसाही. बीरभूमपासून सुरू झालेल्या २००८ च्या बंगालमधल्या साथीत परसातल्या कोंबड्याच सगळ्यात जास्त मारल्या गेल्या होत्या. माणसालाही हा रोग होतो, कमी होतो पण जीवघेणा होतो. २०२१ च्या जुलैमध्ये दिल्लीत हरियाणाच्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, आणि एच५एन१ने दगावल्याची ती देशातली पहिली नोंद. मेलेलं पाखरू उचलायला मुलांना पाठवू नये, एवढं तरी प्रत्येक घराने पाळावं.

यंदाच्या होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतील तेव्हा ग्रामपंचायतींनी आणि पशुसंवर्धन खात्याने तिथे एक टेबल मांडावं. विकत घेतलेली कोंबडी घरी नेल्यावर महिनाभर कुठे ठेवायची, कोणत्या हाताने कोणाला आधी दाणा घालायचा, लस कधी मिळेल, हे अहिराणीत आणि पावरीत सांगणारी एक पशुसखी तिथे बसवावी. बाजार संपल्यावर पिंजरे आणि जमीन चुन्याने धुवावी. हातेड, मारूळ आणि सावदा या नावांचा उल्लेख तिने जरूर करावा. तिथल्या ज्या घरांमधून त्या मार्चमध्ये एकेक कोंबडी मोजून बाहेर काढली गेली, त्यांना याची गरज समजावून सांगावी लागणार नाही.